केंद्र पाण्यात, आपण काठावर

विहीर खोल करायची ठरली की पहिला प्रश्न पाण्याचा नसतो, रुंदीचा असतो. खडक किती ब्रास निघेल हे रुंदीवर ठरतं आणि मजुरी ब्रासवर. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या आमच्या विहिरीपाशी एका उन्हाळ्यात याच प्रश्नावर चार माणसं उभी होती. आबा म्हणाले, अठरा फूट. खोदकाम घेणारा म्हणाला, बावीस. चुलते म्हणाले, वीस तर असंलच. टेप हातात होता, पण समोरच्या अंगाला बोरी-बाभळीचं रान माजलेलं, एका बाजूला जुन्या मोटेची धाव आणि पडकं थारोळं. समोरचा काठ मोकळा असता तर टेपचं एक टोक इकडे धरून दुसरं टोक पलीकडे काठाकाठानं सरकवत नेलं असतं आणि सगळ्यात मोठं येईल ते माप म्हणजे व्यास, असं ठरवून मोकळे झालो असतो. तेवढी जागाच नव्हती. विहिरीला टेपचा वेढा घालून परीघ मोजावा तर तोही त्या काट्यांतूनच जाणार.

मी तेव्हा अकरावीत होतो. आबांनी विचारलं, "तुमच्या पुस्तकात असतंय ना वर्तुळ? मग सांग की." मी म्हणालो, केंद्रापासून कडेपर्यंत मोजलं की झाली त्रिज्या. आबा म्हणाले, "अन् खुंटी ठोकायची कुठं? पाण्यावर?"

आबांचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि हा सगळा लेख त्याचंच उत्तर आहे. वहीत वर्तुळ काढताना आपण कंपासचं टोक आधी टोचतो. केंद्र पहिलं, त्रिज्या दुसरी, वर्तुळ शेवटी. शेतात सगळं उलटं असतं. वर्तुळ आधीपासून समोर असतं, त्रिज्या कुणालाच ठाऊक नसते आणि केंद्र अशा जागी असतं जिथे पाय ठेवता येत नाही. निर्देशक भूमितीचा खरा उपयोग इथे कळतो. तिला केंद्रापर्यंत जावंच लागत नाही. काठावरच्या कुठल्याही सोयीच्या जागी आपण शून्य मांडतो आणि तिथून केंद्राचा पत्ता काढतो.

त्या दिवशी पुढे जे केलं ते सांगतो. काठाच्या मोकळ्या भागावर दोन ठिकाणी सुतळीची टोकं धरली, सुतळी ताठ केली. दोन टोकांतलं अंतर बरोबर बारा फूट. वर्तुळाच्या भाषेत ही जीवा. सुतळीच्या मधोमध, म्हणजे सहा फुटांवर, गाठ मारलेली होती. त्या गाठीपासून सुतळीला काटकोनात, आपल्या बाजूच्या काठापर्यंत काठी धरली. काटकोन नीट यावा म्हणून घरच्या बांधकामावरचा गवंड्याचा गुण्या आणला होता. काठी दोन फूट भरली.

आता वहीत मांडू. सुतळीची गाठ म्हणजे आरंभबिंदू, (०, ०). सुतळी हाच क्ष-अक्ष. तिची दोन टोकं (-६, ०) आणि (६, ०). काठीचं टोक (०, २). हे तिन्ही बिंदू विहिरीच्या काठावरचे आहेत. केंद्र दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असणार, म्हणून ते सुतळीच्या लंबदुभाजकावर, म्हणजे य-अक्षावरच कुठेतरी आहे. ते (०, क) मानू. केंद्रापासून सुतळीच्या टोकापर्यंतच्या अंतराचा वर्ग ३६ + क². केंद्रापासून काठीच्या टोकापर्यंतच्या अंतराचा वर्ग (२ - क)², म्हणजे ४ - ४क + क². दोन्ही त्रिज्याच, म्हणून दोन्ही वर्ग सारखे. क² दोन्हीकडून जातो आणि उरतं ३६ = ४ - ४क. म्हणजे क = -८. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की केंद्र काठीच्या उलट्या बाजूला, पाण्याच्या बाजूला आठ फुटांवर आहे. त्रिज्या म्हणजे आठ अधिक दोन, दहा फूट. विहीर वीस फुटी. चुलत्यांचा अंदाज बरोबर निघाला.

यात जे अंतराचं सूत्र वापरलं ते महाराष्ट्रातल्या दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात 'निर्देशक भूमिती' या प्रकरणाच्या सुरुवातीलाच येतं, आणि ते पायथागोरसच्या प्रमेयाचंच रूप आहे. आडवं किती सरकलो, उभं किती सरकलो, दोन्हींचे वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा. रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं १६३७ मध्ये बिंदूला आकड्यांशी जोडणारा आपला ग्रंथ छापला, तेव्हापासून आकृतीचे प्रश्न समीकरणांनी सोडवायची वाट युरोपात रुळली. पण वरचं उत्तर काढायला देकार्तसाठी थांबायची गरज नव्हती.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त हाच प्रश्न आहे. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, आणि तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर म्हणजे शर, बाण. आमची दोन फुटांची काठी म्हणजे हा शर. नियम असा: अर्ध्या जीवेचा वर्ग करा, त्याला शरानं भागा, आलेल्या उत्तरात शर मिळवा, की व्यास मिळतो. ग्रंथातल्या उदाहरणात व्यास १०, जीवा ६ आणि शर १ येतो. अर्धी जीवा ३, तिचा वर्ग ९, भागिले १, अधिक १, म्हणजे १०. आमच्या विहिरीला लावा: ६ चा वर्ग ३६, भागिले २ म्हणजे १८, अधिक २ म्हणजे २०. वर समीकरणातून जे निघालं ते इथे एका ओळीत निघतं.

हवेनं कलंडून पाण्यात बुडणाऱ्या कमळाचं 'लीलावती'तलं प्रसिद्ध उदाहरणही याच जातीचं आहे. कमळ पाण्यावर अर्धा हात असतं आणि दोन हात दूर जाऊन पाण्याखाली जातं. मग पाणी किती खोल? देठाचं मूळ हे केंद्र, देठ ही त्रिज्या, दोन हात ही अर्धी जीवा आणि अर्धा हात हा शर. २ चा वर्ग ४, भागिले अर्धा म्हणजे ८, अधिक अर्धा म्हणजे साडेआठ हा व्यास. त्रिज्या सव्वाचार हात, त्यातून वरचा अर्धा हात वजा केला की पाण्याची खोली पावणेचार हात. इथेही केंद्र पाण्याच्या तळाशी आहे आणि मोजणारा काठावर. मला हे उदाहरण त्यासाठीच आवडतं.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. आपलं गाव त्यांनी विज्जलविड असं सांगितलं आहे, सह्य पर्वताजवळचं. नावातल्या 'विड'वरून काहींनी ते आपलं बीड मानलं. पण चाळीसगावजवळच्या पाटणला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याचं त्यात नोंदलेलं आहे, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचा कल त्या परिसराकडे आहे. बीडकर म्हणून मला पहिला तर्क खरा ठरलेला आवडला असता. पुरावा मात्र दुसरीकडे झुकतो, आणि ते मान्य करावं.

बीडला स्वतःची एक मोठी गोल विहीर आहेच. शहराच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवरची खजाना विहीर अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानानं बांधवली, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिचा स्थपती राजा भास्कर होता असं सांगतात. हा भास्कर वेगळा, पण नावाचा योग सुंदर आहे. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि एका बोगद्यातून नुसत्या उतारानं शहराकडच्या बलगुजार भागाला जातं. दुष्काळातही तिचं पाणी हटत नाही, असा तिचा लौकिक आहे. तिच्या काठावर उभं राहिलं की आबांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. एवढ्या मोठ्या, दगडात बांधलेल्या वर्तुळाचा मध्य उघड्या हवेत लटकतो आहे. बांधणाऱ्यांना तो माहीत होता, कारण त्यांनी तिथूनच दोरी फिरवली असणार. आज मोजणाऱ्याला मात्र काठावरूनच सुरुवात करावी लागते.

आता जरा अवघड प्रसंग घेऊ. जुनी विहीर आहे, निम्मा काठ ढासळलेला, उरलेल्या काठाच्या बरोबर मधे बाभूळ. मध्यावर काठी धरताच येत नाही. अशा वेळी शराचा सोपा नियम चालत नाही आणि निर्देशकांची खरी ताकद दिसते. एक खुंटी काठावर ठोका, तिला (०, ०) म्हणा. दुसरी खुंटी काठावरच, तीस फुटांवर, ती (३०, ०). सुतळीवरून पहिल्या खुंटीपासून बावीस फूट चालत या आणि तिथून काटकोनात काठापर्यंत मोजा. समजा चार फूट आले. तिसरा बिंदू (२२, ४).

कुठल्याही वर्तुळाचं समीकरण क्ष² + य² + २ग·क्ष + २फ·य + स = ० असं लिहिता येतं. इथे केंद्र (-ग, -फ) असतं, आणि त्रिज्येचा वर्ग ग² + फ² - स. एक खुंटी आरंभबिंदूवर ठोकल्यामुळे स शून्य झाला. आरंभबिंदू काठावरच घेण्याचा हा फायदा. दुसरी खुंटी ठेवून पाहा: ९०० + ६०ग = ०, म्हणून ग = -१५. तिसरा बिंदू ठेवा: ४८४ + १६ - ६६० + ८फ = ०, म्हणून फ = २०. केंद्र (१५, -२०). त्रिज्येचा वर्ग २२५ + ४००, म्हणजे ६२५. त्रिज्या पंचवीस फूट. ढासळलेल्या अर्ध्या काठाला हातही न लावता पन्नास फुटी विहिरीचं माप मिळालं.

तीनच बिंदू का? एका बिंदूतून हवी तेवढी वर्तुळं जातात. दोन बिंदूंतूनही हवी तेवढी जातात, फक्त त्या सगळ्यांची केंद्रं एका रेषेवर येतात. तिसरा बिंदू त्या रेषेवरचं एकच केंद्र निवडतो. वर्गात इथे थांबतात. शेतात मात्र चौथा बिंदू घ्यावाच, असं माझं मत आहे, कारण हातानं खणलेली विहीर खरोखर गोल आहे की नाही हे तीन बिंदू कधीच सांगत नाहीत. तीन बिंदू कसेही टाका, एका सरळ रेषेत नसले तर त्यांतून वर्तुळ जाणारच. चौथा बिंदू परीक्षा घेतो. वरच्याच विहिरीत आठ फुटांवर काटकोनात मोजलं आणि चार फूट आले, तर केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग ७² + २४², म्हणजे ६२५ भरतो, काठ गोल आहे. तिथे साडेचार फूट आले तर अंतर जवळजवळ साडेपंचवीस होतं. म्हणजे त्या अंगाला विहीर सुमारे अर्धा फूट बाहेर फुगली आहे.

आणि तीन बिंदू एका सरळ रेषेत आले तर? शर शून्य होतो, आणि नियमात त्याच शरानं भागायचं असतं. शून्यानं भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. भूमिती इथे तेच दाखवते. शर जसजसा लहान होतो तसतशी त्रिज्या वाढत जाते, आणि शर नाहीसा झाला की वर्तुळाची रेषा होते.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची व्यवहाराची गोष्ट निघते, आणि पुस्तकं तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. शर लहान असेल तर चूक मोठी होते. आमच्या वीस फुटी विहिरीवर बारा फुटांच्या सुतळीला शर दोन फूट येतो. काठी धरताना अर्ध्या इंचाची चूक झाली, दोन फुटांऐवजी दोन फूट अर्धा इंच वाचलं, तर त्रिज्या दहाऐवजी सुमारे ९.८४ फूट येते. जेमतेम दोन इंचांचा फरक. आता आळस करून चार फुटांचीच सुतळी धरली असं समजा. शर येतो अडीच इंचांपेक्षाही किंचित कमी. त्यात तीच अर्ध्या इंचाची चूक केली तर त्रिज्या येते ८.३३ फूट. वीस इंच गेले. चूक तीच, हात तोच, फक्त सुतळी आखूड.

वीस इंचांनी काय बिघडतं? क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग असतो. दहा फूट त्रिज्येची विहीर चाळीस फूट खोल असेल तर खोदकाम सुमारे १२५ ब्रास. ८.३३ फूट धरली तर ८७ ब्रास. अडतीस ब्रास खडक कुणीतरी फुकट फोडला, किंवा उलट चूक झाली तर कुणीतरी न फोडलेल्या खडकाचे पैसे मोजले. पाण्याचा हिशेबही असाच. दहा फूट त्रिज्येच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरीत आज किती फूट पाणी आहे यावर उद्याचं पीक ठरतं, तिथे हा आकडा बरोबर असायला हवा.

केंद्रापर्यंत न जाता त्रिज्या काढण्याचं हेच काम रोज करणारी माणसं आता बीडमध्येही आहेत. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. नगरहून आष्टीपर्यंत गाडी २०२२ च्या सप्टेंबरात धावली आणि बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. रूळ जिथे वळतो तिथे तो एका प्रचंड वर्तुळाचा तुकडा असतो. त्या वर्तुळाचं केंद्र कधी कुणाच्या तुरीत, कधी टेकडीपलीकडे, किलोमीटर-दोन किलोमीटर दूर. तिकडे कुणी जात नाही. ट्रॅकवरची माणसं बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला वीस मीटरची दोरी ताणून धरतात आणि तिच्या मधोमध रुळापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. रेल्वे त्याला वर्साइन म्हणते. भास्कराचार्यांचा शर तोच.

वर्साइन २८.६ मिलिमीटर आला तर? अर्धी जीवा १० मीटर, वर्ग १००, भागिले ०.०२८६, उत्तर जवळजवळ ३,५००. शेवटी शर मिळवायचा, पण साडेतीन हजार मीटरांत तीन सेंटिमीटर मिळवून काय होणार, म्हणून रेल्वे ती पायरी सोडून देते. त्रिज्या १,७५० मीटर. रेल्वेच्या भाषेत हे एक अंशाचं वळण. वळण जितकं आवळलेलं तितका बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवावा लागतो आणि गाडीचा वेगही त्यानुसार ठरतो, म्हणून हे माप चुकून चालत नाही. आणि इथे शर बोटभर रुंदीचा, म्हणजे वर सांगितलेला धोका पुरेपूर. त्यावर रेल्वेचा उपाय साधा आहे. एका मापावर विसंबायचं नाही. दर दहा मीटरला दोरी पुढे सरकवायची, म्हणजे प्रत्येक दोरी आधीच्या दोरीचा निम्मा भाग पुन्हा व्यापते. आकड्यांची ओळ सारखी आली तर वळण नीट. एखादाच आकडा उसळला तर रूळ त्या जागी सरकला आहे. विहिरीवरचा चौथा बिंदू तो हाच.

शेवटी कठड्याच्या विहिरीबद्दल. कठडा असेल तर सुतळी आत ताणता येत नाही, पण बाहेरून मोजता येतं. सरळ बांबू कठड्याला बाहेरून टेकवा; तो एकाच ठिकाणी टेकेल. त्या जागी शून्य मांडा. तिथून बांबूवर सहा फूट जा आणि बांबूला काटकोनात कठड्यापर्यंतचं अंतर मोजा. ते दोन फूट आलं तर केंद्र (०, त) धरून ३६ + (२ - त)² = त², म्हणजे त = १०. आकडे सुतळीवरचेच, फक्त शून्याची जागा बदलली. ही त्रिज्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाची आहे, म्हणून तिच्यातून कठड्याची जाडी वजा करायला विसरू नका.

दहावी-अकरावीला गणित शिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या प्रकरणाचा एक तास फळ्यावर न घेता कठडा असलेल्या विहिरीपाशी घ्या. सोबत टेप, गुण्या, खडू आणि बारा-चौदा फुटांचा सरळ बांबू एवढं पुरे. बिनकठड्याच्या विहिरीजवळ मुलांना नेऊ नका. तिथली मापं मोठ्यांनी घ्यावीत, आणि मुलांनी ती वर्गात मांडावीत.